हाताचा मसाज आणि करिअरचा कल: एका नर्सिंग संशोधनाच्या वीस आठवड्यांच्या नोंदी

काम थोडक्यात असे: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पुढे ज्येष्ठांच्या सेवेत नोकरी करावीशी वाटते का, हा एक प्रश्न. नेहमीच्या शुश्रूषेला जोड म्हणून रोज दहा मिनिटे हाताचा मसाज दिला तर निवासी केंद्रातल्या ज्येष्ठांची झोप आणि वेदना यांत फरक पडतो का, हा दुसरा. मसाज विद्यार्थीच देणार. निष्कर्ष या नोंदींत नाहीत. कुठे अडले, काय बदलले आणि त्यात किती वेळ गेला, एवढेच लिहिले आहे.

आठवडा १: प्रश्न वेगळे करणे

पहिल्या आराखड्यात दोन्ही प्रश्न एकाच अभ्यासात कोंबले होते. विद्यार्थी मसाज देतील, ज्येष्ठांना बरे वाटेल, ते पाहून विद्यार्थ्यांचा कल बदलेल, अशी सरळ साखळी गृहीत धरली होती. कागदावर ती छान दिसते, पण तिच्यात तुलनेचा गटच सापडत नाही. ज्येष्ठांसाठी 'मसाज न मिळालेले' हा गट लागतो, विद्यार्थ्यांसाठी 'मसाज न दिलेले' हा. हे दोन गट एकाच वाटणीतून निघत नाहीत. चार दिवस आकृत्या काढून शेवटी दोन स्वतंत्र अभ्यास केले. वेळापत्रक एक, संमतीपत्रे दोन, डेटा फाइली दोन.

दुसरी दुरुस्ती याच आठवड्यातली आणि माझ्या मते अख्ख्या कामातली सर्वांत मोलाची. ज्येष्ठांबद्दलचा दृष्टिकोन आणि ज्येष्ठांच्या सेवेत नोकरी करण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजी-आजोबांवर मनापासून माया असलेला विद्यार्थीही नोकरीच्या पसंतीत हा विभाग शेवटी टाकू शकतो. त्याला ज्येष्ठ नकोसे असतात असे नाही. कमी मनुष्यबळ, उचलण्या-वळवण्याचे कष्ट, बढतीची शक्यता, रुग्ण बरा होऊन घरी जाताना पाहण्याचे समाधान, या सगळ्याचा हिशेब त्या पसंतीमागे असतो. फक्त दृष्टिकोन मोजून 'करिअरचा कल' असे शीर्षक दिले तर ते चुकीचे ठरेल. म्हणून प्रश्नावलीत तीन भाग केले: दृष्टिकोनाची मापपट्टी, आठ कार्यक्षेत्रांचा पसंतीक्रम आणि मुदत घातलेला एक थेट प्रश्न ('पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ज्येष्ठांच्या सेवेतली जागा मिळाली तर स्वीकाराल का?'). मुदत नसली की 'कधीतरी करेन' या अर्थाचा होकार येतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

आठवडा २: मापपट्टी

ज्येष्ठांविषयीचा दृष्टिकोन मोजणारी नेथन कोगन यांची १९६१ची मापपट्टी घेतली. वाक्ये ३४, म्हणजे १७ जोड्या. प्रत्येक जोडीत एकाच विषयावर एक सकारात्मक आणि एक नकारात्मक वाक्य. पामोर यांची १९७७ची २५ विधानांची चाचणीही हाताशी होती, पण ती वार्धक्याविषयीचे ज्ञान मोजते, दृष्टिकोन नाही. दोन्ही घ्यायचा मोह सोडला, कारण प्रश्नावली लांबली की शेवटची पाने डोळे मिटून भरली जातात.

गुण देण्याची पद्धत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. मूळ पद्धतीत पर्याय सहा असले तरी गुण १, २, ३, ५, ६, ७ असे आहेत. मधला ४ कोऱ्या उत्तरासाठी राखलेला. त्यामुळे बेरीज ३४ ते २३८. पुढे अनेकांनी सरळ १ ते ६ गुण वापरले, तिथे बेरीज ३४ ते २०४. दोन्ही प्रकारचे निबंध वाचनात येतात आणि सरासऱ्यांची तुलना करताना घोळ होतो. आमच्या दोन सहकाऱ्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या पद्धती होत्या, हे एकोणिसाव्या आठवड्यात उघड झाले.

वापराची लेखी परवानगी मागणारी पत्रे त्याच दिवशी पाठवावीत. आम्ही भाषांतर झाल्यावर पाठवली आणि उत्तराची वाट पाहण्यात तीन आठवडे अडकलो.

आठवडा ३ ते ५: भाषांतर

एक आठवडा धरला होता, लागले तीन. पद्धत नेहमीचीच: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी केले, तिसऱ्याने दोन्ही मसुदे जुळवले, मूळ मापपट्टी न पाहिलेल्या चौथ्याने ते पुन्हा इंग्रजीत नेले.

पहिला अडथळा एकाच शब्दाचा. एका मसुद्यात 'म्हातारी माणसे', दुसऱ्यात 'ज्येष्ठ नागरिक'. दोन्हींचे उलट भाषांतर सारखेच आले, म्हणजे उलट भाषांतराच्या ताळ्यात हा फरक पकडलाच जात नाही. पण 'ज्येष्ठ नागरिक' म्हटले की भाषा सरकारी होते आणि उत्तर देणारा सावरून बसतो. 'म्हातारे' म्हटले की शब्दातच थोडी हेटाळणी येते आणि नकारात्मक वाक्याशी सहमत होणे सोपे जाते. एकाच प्रश्नावलीत दोन्ही शब्द आले तर गुणांतला फरक दृष्टिकोनाचा की शब्दाचा, हे सांगता येणार नाही. शेवटी चौतीसही वाक्यांत 'वयस्कर माणसे' ठेवले. बोलीतला शब्द, आदरही नाही आणि अनादरही नाही.

दुसरा अडथळा निवासाच्या वाक्यांचा. वयस्करांनी समवयस्कांसोबत वेगळ्या ठिकाणी राहावे का, या आशयाच्या वाक्यात एका भाषांतरकाराने 'वृद्धाश्रम' लिहिले. मराठीत हा शब्द आला की वाचणाऱ्याला मुलांनी आईवडिलांना सोडून दिल्याचे चित्र दिसते. मग तो निवासव्यवस्थेवर मत देत नाही, त्या मुलांवर देतो. शब्द काढून 'समवयस्कांसाठीची वेगळी निवासव्यवस्था' असे केले. वाक्य जड झाले, पण मोजायचे तेच मोजू लागले.

तिसरा अडथळा नकारांचा. 'वयस्कर माणसे बदलाला तयार नसतात असे नाही' असे वाक्य आले, त्यापुढे 'असहमत' वर खूण करायची म्हणजे तीन नकार. पाच विद्यार्थ्यांना वाक्य मोठ्याने वाचून अर्थ सांगायला लावले तेव्हा दोघांनी उलटा अर्थ सांगितला. ही मोठ्याने वाचण्याची फेरी अजिबात टाळू नये. प्रत्येकी ४० मिनिटे लागतात आणि एवढ्या कमी वेळात यापेक्षा जास्त चुका दुसऱ्या कशाने सापडत नाहीत.

जोडीतल्या दोन वाक्यांत क्रियापद आणि विशेषण एकाच मुळातले ठेवावे. एकीकडे 'चिडचिडे' आणि दुसरीकडे 'समाधानी' झाले की ती जोडी राहत नाही.

आठवडा ६: तज्ज्ञांची तपासणी

सहा तज्ज्ञांना प्रत्येक वाक्याच्या सुसंगतीला १ ते ४ गुण द्यायला सांगितले. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे त्या वाक्याचा आशय-वैधता निर्देशांक. सहा तज्ज्ञांना निकष ०.७८ धरतात. म्हणजे सहापैकी पाच (०.८३) चालतात, चार (०.६७) चालत नाहीत. तज्ज्ञ पाच किंवा त्याहून कमी असतील तर सर्वांचे एकमत लागते. आमच्याकडे आधी पाच होते आणि एकाच्या 'ठीक वाटत नाही' वर वाक्य पडत होते. सहावा शोधायला दोन दिवस गेले, ते वसूल झाले.

आठवडा ७: एथिक्स (संशोधनाची नीतिमत्ता) आणि ओळख-कोड

विद्यार्थ्यांच्या अभ्यासात खरा धोका सत्तेचा. गुण देणारी ट्यूटरच प्रश्नावली वाटत असेल तर उत्तरे तिला आवडतील अशी येतात आणि 'भाग घेणे ऐच्छिक आहे' या ओळीला अर्थ उरत नाही. वाटप बाहेरच्या व्यक्तीकडे दिले. भरलेले आणि कोरे, दोन्ही फॉर्म एकाच सीलबंद पेटीत टाकायचे ठरवले, म्हणजे कोणी भरला नाही हे कळत नाही.

ज्येष्ठांच्या संमतीत एकदाची सही पुरत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी कायदेशीर काळजीवाहकाची संमती आणि रोज मसाजआधी त्या व्यक्तीची स्वतःची तयारी, दोन्ही पाहायचे. हात मागे घेणे, मूठ आवळणे, तोंड फिरवणे हा नकारच. 'थोडं करू या, बरं वाटेल' अशी मनधरणी करायची नाही, हे प्रशिक्षणात तीनदा सांगावे लागले. शिकाऊ विद्यार्थ्यांना सत्र बुडल्याची भीती असते. बुडलेले सत्र ही एक नोंद आहे. जबरदस्तीने पकडलेला हात मात्र त्या माणसाचा अपमान आहे.

निनावी राहूनही आधीचा आणि नंतरचा फॉर्म जुळवायचा म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतः कोड बनवायचा होता: आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेतला दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन अंक. चाचणीतच तो फसला. आईचे नाव मंदा असेल तर पहिल्या वेळी 'म', दुसऱ्या वेळी 'मं'. दिवस कधी '५', कधी '०५'. अंक काहींनी देवनागरीत लिहिले, काहींनी इंग्रजीत. घाईच्या अक्षरात देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि १ व ९ एकमेकांत मिसळतात. लिहिण्याची जागाच काढून टाकली. अंकांसाठी ० ते ९ची गोल रंगवायची वर्तुळे दिली आणि आईच्या अक्षराऐवजी सख्ख्या भावंडांची संख्या घेतली. मोबाइल नंबर बदलतो, म्हणून 'दहावीच्या वेळी घरातल्यांचा जो नंबर होता तो' असे स्पष्ट केले.

आठवडा ८: नमुना किती

ज्येष्ठांचा अभ्यास: दोन गटांत मध्यम आकाराचा फरक (परिणाममान ०.५), ५ टक्के चूक आणि ८० टक्के पॉवर (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ६४. गळती २० टक्के धरली तर ६४ भागिले ०.८, म्हणजे ८०. (६४ मध्ये २० टक्के मिळवले तर ७७ येतात आणि ते कमी पडतात. ही चूक फार प्रबंधांत दिसते.)

विद्यार्थ्यांचा अभ्यास: प्रमाणाच्या अंदाजासाठी सगळीकडे छापलेला ३८५ हा आकडा मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. एकूण विद्यार्थी २४० असतील तर दुरुस्तीनंतर १४८ पुरतात.

आठवडा ९ आणि १०: मसाजची कृती ठरवणे

सुरुवातीला तीन पर्याय होते.

पायांना गरम पाण्याचा शेक आधी गळला. ४० अंश सेल्सियसचे पाणी उघड्या टबात भराभर निवते, दर पाच मिनिटांनी गरम पाणी घालावे लागते आणि घालताना पाय बाहेर काढले नाहीत तर भाजण्याचा धोका. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तो चटका कळतच नाही. त्यांना वगळले तर उरलेला नमुना ज्येष्ठांचे प्रतिनिधित्व करत नाही.

लॅव्हेंडर तेल नंतर गळले. १ टक्का मिश्रण म्हणजे ३० मिलि तेलात ०.३ मिलि, साधारण ६ थेंब. पण थेंबाचा आकार प्रत्येक ड्रॉपरचा वेगळा, म्हणून १ मिलिच्या सिरिंजने मोजायला सुरुवात केली. खरी अडचण वासाची. एका खाटेवर बाटली उघडली की खोलीभर दरवळ, मग शेजारच्या खाटेवरचा तुलनेच्या गटातला माणूसही तो घेतोच. दम्याच्या रुग्णांचाही विचार करावा लागतो.

उरला वासरहित तेलाचा हाताचा मसाज. प्रत्येक हाताला ५ मिनिटे, तेल अर्धा चमचा. क्रम: तेल स्वतःच्या तळव्यात कोमट करणे, मनगटापासून बोटांकडे आणि परत लांब हात फिरवणे, १ मिनिट, हाताची मागची बाजू अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला सरकवत, १ मिनिट, तळव्यावर छोटी वर्तुळे, दीड मिनिट, एकेक बोट मुळापासून टोकाकडे, १ मिनिट, शेवटी दोन्ही तळव्यांत हात नुसता धरून ठेवणे, अर्धा मिनिट. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात विद्यार्थी घाई करतात. तिथेच खांद्याचा ताण उतरताना दिसतो, म्हणून ते तपासयादीत स्वतंत्र घातले.

दाब 'हलका' असे लिहून चालत नाही. डिजिटल वजनकाट्यावर अंगठा दाबून ३०० ते ५०० ग्रॅम स्थिर धरण्याचा सराव दिला. पहिल्या दिवशी बहुतेकांचा दाब मर्यादेबाहेर होता, तिसऱ्या दिवशी काट्याकडे न बघता जमू लागले. नखे कापलेली, अंगठी आणि घड्याळ काढलेले. वयस्कर त्वचा कागदासारखी पातळ असते आणि आडव्या घर्षणाने फाटते. त्यात स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जास्तच. वगळायचे कोण: हाताला उघडी जखम, ताजे फ्रॅक्चर, ताप, त्या हातात रक्ताची गुठळी, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी), लिम्फची सूज. सुरू करण्यापूर्वी तेलाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहणे.

तुलनेच्या गटाला काहीच न देणे ही चूक होती, पायलटआधीच (छोट्या चाचणी फेरीआधीच) सुधारली. दहा मिनिटे कोणी जवळ बसले, बोलले, तरी बरे वाटतेच. म्हणून त्या गटातही विद्यार्थी तेवढाच वेळ बसून बोलतो, मसाज देत नाही.

हस्तक्षेप सविस्तर लिहिण्यासाठीची टाइडियर ही १२ कलमी यादी याच आठवड्यात भरून ठेवावी. आम्ही ती शेवटी उघडली. 'कुठे, किती वेळा, काय बदल केले' हे आठवून लिहिण्यात दोन दिवस गेले.

आठवडा ११: पायलट

झोपेसाठी पिट्सबर्ग निर्देशांक निवडला होता. १९८९चा, मान्यताप्राप्त, बेरीज ० ते २१, ५ च्या वर म्हणजे झोप खराब. पायलटमध्ये एका आजींनी विचारले, 'महिन्याचं सांगू की कालचं?' तेव्हा लक्षात आले की हा निर्देशांक मागच्या महिन्याबद्दल विचारतो आणि आमचा मसाज दोन आठवड्यांचा. शेवटच्या दिवशी विचारले तरी निम्मे उत्तर मसाजआधीच्या रात्रींचे. मापपट्टी निवडताना तिचा स्मरणकाळ हस्तक्षेपाच्या मुदतीशी ताडून बघावा, हे कुणी आधी सांगितले असते तर छापलेले २०० फॉर्म वाया गेले नसते. बदल: सकाळी 'काल रात्री झोप कशी लागली' हा एक प्रश्न ० ते १०, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांच्या तासाच्या फेरीत 'जागे / झोपलेले' एवढीच खूण.

वेदनेसाठीची ० ते १०ची आडवी रेषाही अनेकांना समजली नाही. उभी केली, खालून वर वाढत जाणारी, अक्षर १६ पॉइंट, आणि शेजारी 'अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप, असह्य' हे शब्द. मग चालली. बोलून सांगू न शकणाऱ्यांसाठी श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घालता येते का, ही पाच निरीक्षणांची पेनॅड मापपट्टी ठेवली.

'आजी, आता बरं वाटतंय ना?' असा प्रश्न बंद केला. होकार त्यातच दडलेला आहे. 'आत्ता हात किती दुखतोय?' एवढेच विचारायचे, आणि मसाज देणाऱ्याने नाही तर दुसऱ्याने.

आठवडा १२: गटांची वाटणी

लिफाफ्यांतून व्यक्तिगत वाटणी केली आणि दोन दिवसांत ती मोडली. एका खोलीत एकीला मसाज, शेजारचीला नाही. शेजारची हात पुढे करते आणि विद्यार्थी 'नाही' म्हणू शकत नाही. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, आराखडा चुकला होता. खोलीनिहाय वाटणी केली. किंमत: खोलीत ४ जण आणि खोलीअंतर्गत साम्य (एकाच खोलीतल्यांची उत्तरे एकमेकांसारखी येण्याचे प्रमाण) ०.०५ धरले तर नमुना १.१५ पट, म्हणजे ८० ऐवजी ९२. अभ्यास संपल्यावर तुलनेच्या गटालाही मसाज देण्याचे ठरवून तसे संमतीपत्रात लिहिले.

आठवडा १३ ते १८: प्रत्यक्ष काम

वेळ संध्याकाळची ठेवली तर औषधांची फेरी आणि भेटायला येणारे नातेवाईक, दोन्ही आडवे येतात. झोपण्याआधी साधारण एक तास ही वेळ टिकली. वेदनाशामक गोळी कधी घेतली, याचा रकाना पहिल्या आठवड्यात नव्हता. दुखणे मसाजने कमी झाले की गोळीने, हे त्या आठवड्याच्या नोंदींत कळायला मार्ग नाही, त्या वेगळ्या ठेवल्या. ड्युटी बदलली की मसाज देणारा बदलतो, म्हणून प्रत्येक सत्रात देणाऱ्याचा कोड टाकला. तपासयादी घेऊन ट्यूटर दर आठवड्याला अचानक बघत होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटांची साडेतीन होऊ लागली, तेव्हा खिशातला टायमर सक्तीचा केला.

आठवडा १९: डेटा

क्रॉनबॅक अल्फा (मापपट्टीतली वाक्ये एकमेकांशी किती जुळतात याचे माप) फारच कमी आला. कारण ठरलेलेच: १७ नकारात्मक वाक्यांचे गुण उलटे करायचे राहिले होते. उलटे केल्यावरही काही ओळींत ० गुण दिसले. एकाने ७ वजा गुण केले, पण त्याच्या भागातले गुण १ ते ७ पद्धतीचे होते, तिथे ८ वजा गुण हवे. मापपट्टीत ० नाहीच, म्हणून चूक सापडली. ७ वजा गुण १ ते ६ पद्धतीच्या ओळींत दोनदा केले असते तर मूळ गुण परत आले असते आणि कळलेही नसते. मूळ रकाने तसेच ठेवून उलटे गुण नव्या रकान्यात घ्यावेत.

चौतीसही ठिकाणी एकच पर्याय भरलेले फॉर्म इथे आपोआप उघडे पडतात. जोडीतल्या परस्परविरोधी दोन्ही वाक्यांना 'पूर्ण सहमत' म्हणजे वाचलेलेच नाही. वगळायचे निकष मात्र निकाल पाहण्याआधी लिहून सही करून ठेवले.

आठवडा २०: लेखन सुरू

आठ क्षेत्रांच्या पसंतीक्रमाची सरासरी काढण्याचा पहिला तक्ता टाकून दिला. क्रमांकांची बेरीज प्रत्येकाची ३६च असते, एक वर गेले की दुसरे खाली येणारच. मध्यक आणि आधी-नंतरच्या क्रमाची विल्कॉक्सन चाचणी (सरासरीऐवजी क्रमांकांवर चालणारी) ठेवली. सर्वेक्षणाच्या भागासाठी स्ट्रोबची (निरीक्षणात्मक अभ्यास कसा लिहावा याची) २२ कलमी यादी. मुदतीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्यांची कारणे दृष्टिकोनाच्या गुणांशेजारी मांडली आहेत, कारण गुण चांगले असूनही 'नाही' म्हणणाऱ्यांचा गट वेगळा वाचायला हवा.

बाकी काम: सहा महिन्यांनी हाच मुदतीचा प्रश्न पुन्हा विचारायचा आहे. कोडची वर्तुळे तीच. कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे आणि सीलबंद पेटी तयार आहे.